तार, वात आणि चुंबक

व्हेपची कॉइल म्हणजे तीन-साडेतीन इंच तारेचे वेटोळे आणि त्याच्या पोकळीतून ओवलेली कापसाची वात. बॅटरीचा प्रवाह वाहू लागला की तार तापते आणि वातीने ओढून आणलेल्या द्रवाची वाफ होते. या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुधा निकोटीन असते. कारखान्यातली बंद कॉइल करपली की फेकून द्यावी लागते. रीबिल्डेबल अ‍ॅटमायझरमध्ये मात्र तार आणि वात दोन्ही हाताने बसवायची आणि हाताने बदलायची असतात. प्रस्तुत लेखक इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहत असताना सिगारेट सोडण्यासाठी या वाटेला लागला. पुढचे सगळे अनुभव तिथलेच आहेत. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवणूक बंद झाली, त्यामुळे ते साहित्य इकडे आणण्याचा प्रश्नच नाही.

तारांमध्ये कांथल सर्वांत ओळखीची. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू स्वीडनमधल्या हाल्स्टाहामार गावात हान्स फॉन कांत्सोव्ह यांनी घडवला. त्यांचे आडनाव आणि गावाचे नाव जोडून 'कांथल' हे नाव तयार झाले. तापल्यावर या तारेवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा घट्ट थर धरतो, म्हणून ती वारंवार लाल केली तरी टिकते. शेगडीच्या कॉइलमुळे परिचित असलेली नायक्रोम तार त्याहून जुनी. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना तिचे पेटंट १९०६ मध्ये मिळाले. तिच्या ८०-२० या प्रकारात ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम असते. तिसरी ३१६ एल ही स्टेनलेस स्टीलची तार. शुद्ध निकेल आणि टायटॅनियम तापमान-नियंत्रणाच्या यंत्रांसाठी वापरतात. या धातूंचा रोध तापमानाबरोबर ठळकपणे वाढतो आणि त्या वाढीवरून यंत्रातली चिप तापमान ओळखते. स्टीलचा रोध कमी वाढतो, पण चिपला तेवढा पुरतो. कांथलचा जवळजवळ बदलतच नाही, म्हणून ती या कामाची नाही. टायटॅनियम आणि निकेल कोरडे लाल करू नयेत, हा नियम नवख्याने पहिल्या दिवशीच पाठ करावा.

तीन मिलिमीटरच्या ड्रिल बिटावर २६ गेजची, म्हणजे ०.४० मिलिमीटर जाडीची तार सात वेढे गुंडाळली, की दोन्ही पाय धरून सुमारे ८५ मिलिमीटर तार लागते. ती कांथलची असेल तर रोध ०.९५ ओहमच्या आसपास येतो. तीच कॉइल नायक्रोमची असेल तर ०.७२ आणि ३१६ एल स्टीलची असेल तर ०.५. वेढे तेवढेच, बिट तेच, दिसायलाही तिन्ही सारख्याच, तरीही आकडे इतके वेगळे. म्हणून कॉइल बसवल्यावर वात ओवण्याआधी ओहम-मीटरवर आकडा पाहणे हा या कामाचा कणा आहे. त्यानंतर कमी शक्तीवर कॉइल क्षणभर तापवायची, कुठे एखादा वेढा आधी लाल होतो ते पाहायचे आणि सिरॅमिक टोकाच्या चिमट्याने वेढे हलकेच दाबायचे. सगळी कॉइल मधून बाहेरच्या दिशेने एकसारखी लालसर झाली की ती जमली.

एकदा आकडा जमला नाही. शहरातल्या एका छोट्या दुकानातून '२६ गेज कांथल' असे लेबल असलेले रीळ आणले होते. तार वळताना पहिली शंका हाताला आली. कांथल स्प्रिंगसारखी असते, बिटावरून सोडली की थोडी उलगडते. ही तार मऊ होती, वळवली तशीच राहत होती. मीटरने ०.७२ दाखवले. तार प्रत्यक्षात जाड असेल तरी रोध कमी येतो, म्हणून मायक्रोमीटर लावला. जाडी ०.४० मिलिमीटरच भरली. मीटर तपासण्यासाठी जुन्या रिळातल्या कांथलची कॉइल लावली, तर तोच मीटर ०.९५ दाखवू लागला. मग फ्रीजच्या दारावरचे चुंबक काढले. कांथल खोलीच्या तापमानाला चुंबकाला चिकटते, नायक्रोम चिकटत नाही. जुन्या तारेचा तुकडा टुणकन उडून चुंबकाला लागला. नव्या तारेचा तुकडा दोऱ्याला टांगला तरी हलेना. ३१६ एल स्टीलही असेच निश्चल राहते, पण मग आकडा ०.५ च्या जवळ यायला हवा होता. सगळे धागे एकाच ठिकाणी येत होते. रिळावर लेबल कांथलचे होते आणि आत तार नायक्रोमची होती.

दुकानदाराने रीळ परत घेतले नाही. मीटर खराब असेल, हे त्याचे पहिले उत्तर. चुंबक काउंटरवर ठेवून दोन्ही तुकडे दाखवले, तेव्हा तारेला काय फरक पडतो, वाफ तर येतेच ना, हे दुसरे. रीळ काही पाउंडांचे होते, पैसे क्षुल्लक होते. पण हे दुसरे उत्तर आजही सलते, कारण फरक पडतो आणि तो कागदावर मांडता येतो. चिप नसलेल्या साध्या यांत्रिक नळीत पूर्ण चार्ज बॅटरीचे ४.२ व्होल्ट थेट कॉइलला मिळतात, मध्ये कोणतेही रक्षण नसते. कांथलच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर रोध सुमारे ०.४७ ओहम आणि प्रवाह ९ अँपिअरच्या आत. नायक्रोमच्या दोन जोडल्या तर ०.३६ ओहम आणि पावणेबारा अँपिअर. १० अँपिअर क्षमतेच्या बॅटरीला पहिला आकडा पेलतो, दुसरा पेलत नाही. लेबलवर विसंबून, मीटर न लावता कुणी बटण दाबले असते, तर बॅटरी तापून फुटण्याच्या दिशेने ते पहिले पाऊल ठरले असते. त्याशिवाय, कांथलमध्ये निकेल नसते. निकेलची ॲलर्जी असलेले लोक नेमक्या त्याच कारणाने कांथल निवडतात. अशा माणसाच्या हाती ८० टक्के निकेलची तार द्यायची आणि फरक काय म्हणून विचारायचे, हे दुर्लक्ष नव्हे, बेजबाबदारी आहे. पुढच्या महिन्यात त्याच दुकानात तीच रिळे त्याच लेबलसह लटकत होती. कोणतीही नवी तार घरी आली की आधी चुंबक आणि मग मीटर, हा क्रम तेव्हापासून पक्का झाला आणि तो इतर प्रत्येकानेही पाळावा.

रिळावरचे लेबल मात्र पेनाने खोडून तिथे 'नायक्रोम' लिहिले गेले आणि रीळ फेकले गेले नाही. नायक्रोम लवकर तापते, बटण दाबल्यापासून झुरक्यापर्यंतचा तो सुस्तावलेला क्षण नाहीसा होतो आणि स्वादही मोकळा लागतो. ज्या तारेवरून एवढा संताप झाला, तीच पुढे रोजच्या वापरात बसली. संताप त्याने कमी झाला नाही आणि तार आवडायचीही थांबली नाही.

वातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. सुरुवातीला सिलिकाचा दोर वापरत. तो करपत नसे, पण द्रव हळू ओढी. पोलादी जाळीची गुंडाळी करून, ती ज्योतीवर काळी करून वात म्हणून वापरण्याचीही पद्धत होती, पण तिने शॉर्ट होण्याचा त्रास फार. शेवटी कापूस जिंकला, विशेषतः ब्लीच न केलेला जपानी कापूस. मराठी घरात वाढलेल्या हाताला इथे एक सवय मोडावी लागते. समईची वात तळहातावर पीळ देऊन वळतात. कॉइलच्या वातीला पीळ अजिबात चालत नाही. तंतू एकमेकांना समांतर, विंचरल्यासारखे सरळ हवेत, तरच केशाकर्षणाने द्रव मधोमध पोहोचतो. कापूस पोकळीतून ओढताना किंचित अडखळावा, पण कॉइल जागची हलू नये. इतका घट्ट बरोबर. फार घट्ट केला तर द्रव अडतो आणि कोरडी वात करपून घशाला जाळणारा झुरका मिळतो. सैल केला तर द्रव गळून हवेच्या छिद्रातून बाहेर येतो. ग्लिसरीन जास्त असलेला द्रव दाट असतो, त्याला वातीची टोके विरळ करावी लागतात. रेयॉन भिजल्यावर कापसासारखा फुगत नाही, म्हणून तो जरा जास्त भरतात. पहिल्यांदा सगळी वात थेंबाथेंबाने भिजवून पाच मिनिटे थांबावे. घाईने बटण दाबून नवी वात जाळण्याची चूक एकदा तरी घडते.

पुनर्बांधणी म्हणजे बहुतेक वेळा फक्त वात बदलणे. गोड द्रवांतला सुक्रालोज तारेवर काळा चिकट थर चढवतो. जुना कापूस उपसून काढायचा, कांथल किंवा नायक्रोमची कॉइल कमी शक्तीवर थोडा वेळ लाल करून थर जाळायचा, पूर्ण थंड झाल्यावर पाण्याखाली मऊ ब्रशने घासायची, वाळू द्यायची, मीटरवर आकडा पाहायचा आणि नवी वात ओवायची. वात तीन-चार दिवसांत बदलावी लागते, तार मात्र काही आठवडे जाते. थर घासूनही निघत नसेल, वेढे वाकडे होऊन एकमेकांपासून सुटले असतील, पायांशी तार ठिसूळ झाली असेल किंवा थंड कॉइलचा आकडा पहिल्या दिवशीच्या आकड्यापासून ढळला असेल, तर ती अ‍ॅटमायझरवरून उतरवायची, बिटावर पुन्हा सात वेढे घ्यायचे आणि पाय कापण्याआधी तारेच्या टोकाला चुंबक लावून पाहायचे.