सातबारा आणि फोरट्रान

नकला काढण्याची आपल्याला जन्मजात हौस असते. झेरॉक्सच्या दुकानात उभा राहिलेला माणूस एकच प्रत कधी मागत नाही. "पाच काढा, असू द्या घरात" असंच म्हणतो. पण नक्कल म्हणजे नेमकं काय उतरवायचं, हा प्रश्न त्याला पडत नाही. मला पडतो, कारण माझं पोट फोरट्रानवर चालतं.

फोरट्रान ही संगणकाच्या भाषांमधली आजीबाई. आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि मंडळींनी तिला १९५७ साली जगापुढे आणलं. आकडेमोडीत ती अजूनही भल्याभल्यांना हार जात नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं आकडे आणि आकड्यांच्या रांगा एवढाच तिचा संसार. मग 'फोरट्रान ९०' आलं आणि घरात पॉइंटर नावाचा पाहुणा शिरला. पॉइंटर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूचा पत्ता.

परवा मामा आले. मामा निवृत्त तलाठी. चहा घेता घेता म्हणाले, "तू त्या यंत्रापुढे बसून दिवसभर करतोस तरी काय रे?"

"मामा, समजा एक गाठोडं आहे. त्यात गावाचं नाव, दिवसांची संख्या आणि एक चिठ्ठी : 'पावसाचे आकडे अमुक खोलीत ठेवलेत.' आता मी लिहिलं, अ बरोबर ब. काय होईल?"

"ब ची नक्कल अ मध्ये."

"नाव उतरतं, संख्या उतरते, चिठ्ठीही उतरते. आकडे मात्र उतरत नाहीत! दोन्ही चिठ्ठ्या एकाच खोलीच्या. अ मधला पाऊस बदलला की ब मध्येही तोच पाऊस."

मामा हसले. "यात नवीन काय? सातबाऱ्याच्या दहा नकला काढल्या म्हणून शेत दहापट होत नाही."

पंधरा वर्षांत इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

"पुढे ऐका. अ ने ती खोली सोडून दिली, तर ब च्या हातात पत्ता उरतो, घर नाही. प्रोग्रॅम कोसळला तर नशीब. पुष्कळदा कोसळत नाही; तिथे आलेल्या नव्या बिऱ्हाडाचे आकडे वाचून शांतपणे चुकीचं उत्तर देतो. शिवाय अ ची आधीची चिठ्ठी पुसली गेली, म्हणजे त्याची जुनी खोली कुलूपबंद. पत्ता कुणालाच ठाऊक नाही."

"उपाय?"

"दोन. एक, बरोबरच्या चिन्हाचा अर्थ आपणच लिहून द्यायचा : नवी खोली घे, एकेक आकडा उतरव, मग नवी चिठ्ठी कर. दुसरा, पॉइंटरऐवजी 'अ‍ॅलोकेटेबल' वापरायचा. २००३ च्या फोरट्रानपासून गाठोड्यात तो ठेवता येतो. मग नुसतं बरोबरचं चिन्ह लिहिलं की आकड्यांसकट खरी नक्कल होते."

"आणि पॉइंटरवाली खोली सोडण्याआधी दुसऱ्याला नोटीस जाते का?"

"नाही. कितीजण तिच्याकडे बोट दाखवतायत, ते फोरट्रान मोजत नाही."

"म्हणजे सगळं आहे, फक्त तलाठी नाही," मामा म्हणाले. मग कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "तुमच्या आईच्या शेताला गिऱ्हाईक आलंय. धाकटा तयार दिसतोय. तुला काही बोलला?"

बोलला नव्हता. सातबाऱ्याची एक नक्कल त्याच्या कपाटात आहे, एक माझ्या.

"वाटणी करून घ्या," मामा म्हणाले. "तुझी ती खरी नक्कल."

"शेताचे दोन भाग होतील मामा. विहिरीचं काय?"

खरी गोम तिथेच आहे. काय उतरवायचं आणि काय सामाईक ठेवायचं, हे भाषेला कळत नाही. पावसाचे आकडे प्रत्येकाचे वेगळे हवेत. पण दोन गाठोड्यांनी एकच मोठा नकाशा वापरायचा असेल, तर त्याची नक्कल काढणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. तिथे पत्ताच बरा. फक्त ज्यांच्याकडे पत्ता आहे, त्यांनी एकमेकांना विचारल्याशिवाय खोली सोडायची नाही. हा नियम यंत्र पाळत नाही, माणसांना पाळावा लागतो.

मामा विहिरीवर काहीच बोलले नाहीत. खिशातून मोबाइल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"नंबर लावलाय," म्हणाले. "बोल."