आत्याचा पंप
कोजागिरी जवळ आली, की ईटच्या आमच्या घरी दम्याच्या औषधी खिरीचा विषय निघतोच. आत्या मृगाला हैदराबादला जाऊन बत्तिनी कुटुंबाचं पिवळं औषध, मरळीच्या जिवंत पिल्लासकट, गिळून आलेली. अडुळशाचा काढा तर रोजचाच. अडुळशाला मी नावं ठेवणार नाही. त्यातल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध निघालं. पण श्वासनलिकेची सूज उतरवतो तो पंपातला स्टेरॉईड, तोही रोज घेतला तरच. ‘पंपाची सवय लागते’ म्हणत ती तो फडताळात ठेवून देते. मग रात्री भिंतीला टेकून बसते. मानेच्या शिरा ताणलेल्या, छातीत शिट्टी. माझा जीव कासावीस होतो. खीर खा गं आत्या, पण पंप सोडू नको. उद्या तिला भूमला डॉक्टरांकडे नेणार आहे. काढ्याचंही सांगेन, ती त्यांच्यापासून लपवते.