रंगाखालचा गंज, कागदावरचे ऑडिट

१४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला. सात माणसे गेली, त्यांत रात्रपाळीला निघालेल्या परिचारिका होत्या. त्या पुलाचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले होते आणि तो वापरायोग्य ठरला होता! १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार जण गेले. तिथे धोक्याचा फलक होता. एकीकडे कागदाने धोका झाकला, दुसरीकडे फलक लावून जबाबदारी झटकली.

आम्ही वस्त्यांत काम करतो. नाल्यावरच्या लोखंडी पुलावरूनच आमची पोरे शाळेत जातात, बाया धुणीभांड्याला जातात. पुलाला रंग लागला की नगरसेवकाचा फोटो लागतो. पण रंग म्हणजे तपासणी नव्हे. जिथे पाणी साचते त्या सांध्यांत आणि स्लॅबखालच्या गर्डरवर गंज लोखंड खातो. तो खरवडून अल्ट्रासोनिक यंत्राने उरलेली जाडी मोजावी लागते, रिव्हेट आणि वेल्ड तपासावे लागतात. उरलेल्या जाडीवर पूल किती भार पेलेल, याचा हिशेब त्यानंतर होतो. खालून बघून 'ठीक आहे' लिहिणे ही फसवणूक आहे.

मित्रांनो, पूल पडल्यावर मोर्चा काढण्याआधी माहिती अधिकारात अर्ज टाका. प्रमाणपत्रावर थांबू नका. मूळ जाडी किती, आज किती, कुणी मोजली, कोणत्या तारखेला, हे विचारा. पूल धोकादायक असेल तर पर्यायी वाट मागा. संविधानाच्या कलम २१ ने दिलेला जगण्याचा हक्क पायी चालणाऱ्यालाही आहे.