कोपर वाकलं, करंगळीचं काय?

कोपर पूर्ण सरळ झालं नाही तरी माणसाचं फारसं अडत नाही. वाकलं नाही तर घास तोंडाशी पोचत नाही, मोबाइल कानाला लागत नाही. मेयो क्लिनिकमधल्या मॉरी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये रोजच्या कामांना लागणारी हालचाल मोजली : ३० ते १३० अंश. आखडलेल्या कोपराची शस्त्रक्रिया आम्ही आजही याच आकड्यांवर नजर ठेवून आखतो. ऑपरेशननंतर नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, किती वाकला?" मी आधी रुग्णाला विचारतो, "करंगळीला मुंग्या येतात का?"

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या मागच्या खोबणीतून अल्नर नस जाते. हात वाकवला की ती ताणली जाते आणि वरचा पडदा घट्ट होऊन खोबण अरुंद होते. निरोगी हातात नस जराशी सरकून हे निभावून नेते. पण फ्रॅक्चरनंतर कित्येक महिने काटकोनापर्यंतही न वाकलेल्या कोपरात ती चिकटून बसलेली असते. (त्यात आपल्याकडे तेल लावून जोरात चोळून घ्यायची हौस! अशा चोळण्याने स्नायूत नवं हाड धरू शकतं आणि सांधा आणखी जाम होतो.) आम्ही आखडलेलं आवरण कापतो, जास्तीचं हाड काढतो आणि त्याच बैठकीत हात १३० अंशांपर्यंत नेतो. सांधा सुटतो, नसेला मात्र आहे त्या लांबीत भागवावं लागतं. शिवाय वाकणं वाढवण्यासाठी अस्थिबंधाचा जो मागचा पट्टा कापावा लागतो, तोच या खोबणीचा तळ असतो.

म्हणून आधीचं वाकणं ९०-१०० अंशांच्या आत असेल, तर तक्रार नसली तरी मी नस आधी मोकळी करतो. ती जागीच ठेवायची की उंचवट्याच्या पुढे आणायची, यावर सर्जन मंडळींचं एकमत नाही. मी हात पूर्ण वाकवून बघतो. ती उंचवट्यावरून घसरत असेल तरच पुढे आणतो. दुर्बिणीने केलं म्हणजे धोका टळला, असंही नाही. आखडलेल्या सांध्यात पाणी फार कमी मावतं, त्यामुळे आवरण फुगून पुढची रेडियल नस हत्यारांपासून हवी तेवढी लांब जात नाही.

त्रास पहिल्याच दिवशी दिसेल असंही नाही. कधी व्यायामाने वाकणं वाढू लागलं की आठवड्या-दोन आठवड्यांनी करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होतं. मी रुग्णाला त्याचाच केसपेपर अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरायला सांगतो आणि ओढतो. चांगल्या हाताचा अंगठा सरळ राहतो. नस दुबळी असेल तर अंगठ्याचं टोक वाकून कागदाला पकडू बघतं. फ्रोमाँ यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात वर्णन केलेली ही खूण फुकटात होते. हीच तपासणी ऑपरेशनआधी आणि हात बधिर करण्यापूर्वी नोंदवलेली हवी, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

नुसत्या मुंग्या असतील तर वाकवण्याचा जोर काही दिवस कमी करून लक्ष ठेवतो. बोटांची ताकद जाऊ लागली, तर खोबण पुन्हा उघडून नस सोडवायला मी वेळ लावत नाही. "आता कुठे वाकायला लागलाय," असं घरचे म्हणतात, तेव्हा मी हिशेब मांडतो : तुटलेले तंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतात आणि कोपरापासून तळहाताच्या स्नायूंचं अंतर २५-३० सेंटिमीटर. त्यापेक्षा १३० ऐवजी ११५ अंशांवर थांबलेलं मला चालतं.