कॅमेऱ्याचे माहेर

दिवाळीला लोक लेकीला माहेरी आणतात. मी वडिलांच्या कॅमेऱ्याला त्याच्या माहेरी नेऊन आणले. तो 'एर्कोना' जातीचा, घडीचा कॅमेरा. झाकण उघडले की भात्यासकट भिंग पुढे येते. दुसऱ्या महायुद्धानंतर हे कॅमेरे पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनला बनत.

वडील गेल्यावर त्याची दुरुस्ती मीच आरंभली. अंधाऱ्या खोलीत भात्यात बॅटरी धरली, तर कोपऱ्याकोपऱ्यांतून चांदण्या चमकल्या! त्या भोकांवर पातळ काळ्या चामड्याची ठिगळे डकवली. जुन्या तेलाने चिकटलेले शटर लायटरच्या पेट्रोलने धुतले. रोलची चिंता नव्हती. १९०१ पासूनचा १२० नंबरचा रोल आजही मिळतो आणि त्यावर ६ × ९ सेंटिमीटरची आठ चित्रे येतात. मात्र हल्लीची फिल्म लाल उजेडानेही बिघडते, म्हणून आकडा वाचायच्या लाल खिडकीवर काळी पट्टी लावली.

पहिल्याच रोलवर आईला बसवले. फोटो धूसर! आई म्हणाली, "तुझे वडील काढायचे तेव्हा कुडीतला एकेक मोती मोजून घ्यावा!"

चूक माझीच होती. साफसफाईत पुढचे भिंग काढले आणि अंतराच्या आकड्यांची कडी भलत्याच जागी बसवली. पुढे कामानिमित्त जर्मनीला जायचे ठरले, तेव्हा हा अपराधही बॅगेत घातला.

ड्रेस्डेनच्या श्ट्रीझेन भागात एर्नेमान कारखान्याचा मनोरा आहे. १९२६ साली हा कारखाना आणखी तिघांबरोबर 'झाइस इकॉन'मध्ये मिसळला. पुढे हाच मनोरा 'पेंटॅकॉन' कॅमेऱ्यांचे चिन्ह झाला. आता तिथे तंत्रविद्येचे संग्रहालय आहे.

दूरवर जाऊन मी तिपाई रोवली. कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग कागद ताणून चिकटवला, शटर उघडे ठेवले आणि डोक्यावरून कोट ओढला. कागदावर मनोरा उलटा लटकलेला, धुक्यात बुडाल्यासारखा. भिंग किंचित फिरवले, आणि खिडक्यांच्या रेघा स्वच्छ उमटल्या! तेवढ्यावर कडीची 'अनंत' ही खूण जुळवली आणि तिचे बारीक स्क्रू आवळले.

संध्याकाळी फ्राउएनकिर्श या चर्चसमोर गेलो. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर ते कोसळले; २००५ साली पुन्हा उभे राहिले. जुने दगड काळे, नवे पिवळट. जुने कुणी घासून गोरे केलेले नाहीत, नव्यांना काजळी फासलेली नाही. भात्यावरच्या ठिगळांची मला लाज वाटे. नवा भाता करून घ्यावा, असे मनात होते. तो बेत मी तिथेच सोडला.

पाडव्याच्या सकाळी आईला पुन्हा बसवले, दोन मीटर अंतर टेपने मोजून. धुऊन आलेला फोटो तिने डोळ्यांशी नेला.

"मोती दिसतात हो," ती म्हणाली, "पण मेल्या, सुरकुत्याही दिसतात!"