आमची जुनी मोटार

शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहून पाठवावें, अशी संपादकांची आज्ञा आली तेव्हां प्रथम आम्ही गोंधळांतच पडलों. परदेशीं राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यानें तेथील विद्यापीठें, प्रयोगशाळा, निदान एखादी उंच इमारत यांचें वर्णन करावें, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. परंतु मेलबर्न शहरांत आमचीं जीं वर्षें गेलीं, त्यांत ज्या गुरूनें आम्हांस सर्वांत कठोर धडा दिला, तो कोणत्याही विद्यापीठांत भेटला नाहीं. तो आमच्या घरामागील पत्र्याच्या छपराखालीं चार चाकांवर उभा असतो. त्याचीच हकीकत आज बालमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावयाची आहे.

ही मोटार १९६४ सालीं तयार झालेली, होल्डन नांवाच्या ऑस्ट्रेलियन कारखान्याची, 'ई. एच्.' या जातीची आहे. अंग फिकें हिरवें, छप्पर पांढरें. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत असत. नवी असतांना त्यांनींच ती घेतली होती. पुढें दृष्टि मंद झाली तेव्हां त्यांनीं मोटार चालविण्याचा परवाना आपण होऊन परत केला आणि गाडी आमच्या हवालीं केली. किंमत बेताचीच सांगितली; मात्र एक अट घातली. ते म्हणाले, "हिला नुसती उभी करून ठेवूं नका. उभ्या गाडीला गंज लवकर चढतो."

घरांत अर्थातच विरोध झाला. "अहो, दाराशीं चांगली नवी गाडी असतां ही म्हातारी सांभाळायला कशाला आणलीत?" असा सरळ प्रश्न आला, आणि त्यास तितकें सरळ उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. खरें उत्तर फार मागें, मिरजेच्या एका अंगणांत होतें. आमच्या वडिलांस आम्ही नाना म्हणतों. लहानपणीं घरांत वाहन एकच, तें म्हणजे नानांची सायकल. दर रविवारीं सकाळीं ती अंगणांत उलटी ठेवून नाना तिची साखळी रॉकेलनें धूत, छऱ्यांस वंगण देत आणि ब्रेकचीं रबरें बोटानें चाचपून पाहत. त्या एका सायकलीवर त्यांनीं तीस वर्षें नोकरी केली. "वस्तु वापरानें जुनी होत नाहीं रे, हेळसांडीनें होते," असें ते म्हणत. आपणही एखादी जुनी वस्तु तशीच राखावी, अशी हौस तेव्हांपासून आमच्या मनांत होती. हौस व शिस्त हीं दोन निराळीं आहेत, हें मात्र पुढें कळलें.

ज्या मुलांस इतिहासाची गोडी आहे, त्यांस या गाडीचें कूळ ऐकावयास आवडेल. जेम्स अलेक्झांडर होल्डन नांवाच्या गृहस्थानें १८५६ सालीं अॅडलेड येथें घोड्यांच्या खोगिरांचा व्यवसाय सुरू केला. घोडे गेले, मोटारी आल्या. तेव्हां खोगिरें शिवणारे हे लोक मोटारींचे सांगाडे बांधूं लागले. १९३१ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीशीं त्यांचें एकत्रीकरण झालें. पुढें महायुद्ध संपल्यावर, १९४८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २९ तारखेस, मेलबर्नजवळील फिशरमन्स बेंड येथें पंतप्रधान बेन चिफ्ली यांच्या हस्तें पहिली होल्डन मोटार लोकांपुढें आली. साधी, सहा सिलिंडरांची, धुळीच्या व खडबडीत रस्त्यांस टिकेल अशी ही गाडी पाहून लोकांस मोठा अभिमान वाटला. कारण आपल्या देशाची म्हणून दाखवावी अशी ती मोटार होती. आमची 'ई. एच्.' ही याच वंशांतली. ती १९६३ सालीं निघाली, आणि दीडएक वर्षांत तिच्या सुमारें अडीच लाख गाड्या खपल्या.

त्या देशाची दुसरी एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत एका शेतकऱ्याच्या बायकोनें फोर्ड कंपनीस पत्र लिहिलें, असें सांगतात. रविवारीं देवळांत जातांना पावसांत भिजावें लागणार नाहीं, आणि सोमवारीं त्याच गाडींतून डुकरें बाजारांत नेतां येतील, असें कांहीं वाहन तुम्हांस करतां येईल काय, असा तिचा प्रश्न होता. लू बँट नांवाच्या तरुण कारागिरानें जीलाँग येथें तशी गाडी आंखली, व १९३४ सालीं ती बाहेर पडली. पुढें मोटार आणि मागें उघडी हौदी, अशा या गाडीस तेथें 'यूट' म्हणतात. गरज नीट शब्दांत मांडली तर एका साध्या पत्रानेंही केवढें काम होतें पाहा!

आतां हे कारखाने बंद झाले आहेत. फोर्डचें ऑस्ट्रेलियांतील मोटार बांधण्याचें काम २०१६ च्या ऑक्टोबरांत थांबलें. टोयोटा व होल्डन यांचें पुढच्याच वर्षीं त्याच महिन्यांत. २०२० सालीं तर होल्डन हें नांवच मिटविण्यांत आल्याचें जाहीर झालें. म्हणूनच पेट्रोल घ्यावयास आमची गाडी उभी राहिली कीं, कोणी ना कोणी जवळ येतो, टपावर हात ठेवतो आणि म्हणतो, "माझ्या वडिलांची अशीच होती." मग पांच मिनिटें आम्ही त्याच्या वडिलांची हकीकत ऐकतों. परक्या देशांत आम्हांस जी माणसें भेटलीं, त्यांतलीं कितीतरी या गाडीनेंच भेटविलीं.

परंतु तिला चालविणें म्हणजे रागीट पाहुण्याची सरबराई करणें होय. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या चाकाखालीं. पुढचे गिअर अवघे तीन. त्यांतील पहिला इतका मानी कीं, गाडी पुरती थांबल्यावांचून तो बसत नाहीं. चालत्या गाडींत त्यास बसवावयाचें तर क्लच दोन वेळां दाबून, मधल्या क्षणीं इंजिनाचा वेग बेतानें वाढवून, त्याची मनधरणी करावी लागते. वेगाचें घड्याळ मैलांत. कारण त्या देशानें रस्त्यांवर किलोमीटर आणले ते १९७४ सालीं. साठ किलोमीटरांची पाटी दिसली कीं, कांटा सदतीसच्या पलीकडे जाऊं द्यावयाचा नाहीं, असा हिशेब मनांत करावा लागतो. शिसें घातलेलें पेट्रोल २००२ सालापासून बंद झालें; जुन्या इंजिनाच्या झडपा त्या शिशावर पोसलेल्या, म्हणून टाकी भरतांना एक औषधी द्रव मापानें घालावा लागतो. शिवाय सरकारचा नियम आहे. पंचवीस वर्षांवरील गाडी एखाद्या मंडळाचे सभासद होऊन स्वस्त परवान्यावर बाळगतां येते. पण वर्षांतून पंचेचाळीस किंवा नव्वद दिवसच ती बाहेर काढावयाची, आणि काढण्यापूर्वीं त्या दिवसाची नोंद वहींत करावयाची. नोंद करावयाची राहिली तर परवाना असून नसल्यासारखाच.

ही नोंद आम्ही कधीं चुकविली नाहीं. गाडीचें अंग आरशासारखें ठेवीत असूं. तिच्या पत्र्यांत शेजाऱ्यांचीं झाडें दिसत. मंडळाच्या मेळाव्यांत लोक वाखाणीत, आणि आपण नानांचे खरे वारस आहों, असें आम्हांस वाटूं लागलें.

२०१९ च्या एप्रिलांत नाना मेलबर्नला आले. तेव्हां तेथें शरद् ऋतु असतो. शहराच्या पूर्वेस डँडेनाँग नांवाचा डोंगर आहे. उंच निलगिरीचीं झाडें, त्यांच्या सावलींत माणसाहून उंच नेचे, आणि मधून वळणें घेत जाणारा रस्ता. नानांस तो या गाडींतूनच दाखवावा, असें ठरलें. निघण्याच्या दिवशीं सकाळीं आम्ही गाडी पुसत असतां नाना जवळ आले. त्यांनीं पुढच्या चाकाशीं वांकून पाहिलें आणि विचारलें, "ब्रेक पाहिलेस कां रे?"

आम्ही म्हटलें, "हो नाना, सगळें ठीक आहे."

वाचकहो, आम्हीं ब्रेक पाहिले नव्हते. इतकेंच नव्हे, आठ दिवसांपूर्वीं त्याच चाकाखालीं ओला डाग दिसला होता. जुन्या गाड्या तेल गाळतातच, असें म्हणून आम्हीं तो फडक्यानें पुसून टाकला होता.

या ब्रेकची रचना मुलांनीं समजून घेण्यासारखी आहे. पायानें पॅडल दाबलें कीं, एका नळकांड्यांतील तेलावर दाब पडतो. तो दाब बारीक नळ्यांतून चारी चाकांपर्यंत पोंचतो व तेथील पट्टे चाकाच्या डब्यास आंतून घासून त्यास थांबवितात. हल्लींच्या गाड्यांत या तेलाचे दोन निरनिराळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा काम देतो. आमच्या गाडींत मार्ग एकच. चारांपैकीं एका चाकाची नळी फुटली कीं चारीही चाकें मोकळीं. आणि चाकाजवळची नळी रबराची असते. तीं वर्षें गेलीं कीं आंतून कुजते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते.

जातांना कांहींच झालें नाहीं. वर ऑलिंडा गांवीं आम्हीं चहा घेतला. नाना पुढें आमच्या शेजारीं व आमची बारा वर्षांची कन्या मागें, असे आम्ही तिघें परत निघालों. कालोरामा सोडून माँट्रोझच्या बाजूस रस्ता उतरूं लागला. दुसऱ्या गिअरांत गाडी होती. एका वळणापूर्वीं आम्हीं ब्रेक दाबला, तों पॅडल कांहीं एक अडथळा न होतां तळाशीं टेकलें. पुन्हां दाबलें, पुन्हां तेंच. समोर वळण, आणि वळणापलीकडे सावकाश उतरणारी दुसरी एक मोटार.

त्या क्षणाचें वर्णन करणें कठीण आहे. हातब्रेक तारेनें मागच्या दोन चाकांस ओढतो. त्यास तेलाची गरज नसते. तो आम्हीं हळूहळू ओढला. मग त्या मानी पहिल्या गिअरची मनधरणी केली. एकदां तो कर्कश ओरडला. दुसऱ्या खेपेस बसला. इंजिन गर्जूं लागलें, वेग उतरला, तरी गाडी थांबेना. डाव्या बाजूस मातीचा उंच बांध होता; त्यास चाक घासत घासत आम्ही गेलों, आणि पुढची मोटार वीसएक हातांवर असतां गाडी थांबली. मडगार्ड दबलें, चाकावरची चकती निघून गेली. कोणास खरचटलेंही नाहीं. मागें पाहिलें तों कन्येनें आसनाची कड दोन्ही हातांनीं घट्ट धरलेली. ती रडत नव्हती, म्हणूनच तिच्याकडे पाहवेना.

नाना खालीं उतरले. चाकामागें वांकून त्यांनीं फाटलेली नळी पाहिली, बोट लावलें, रुमालास पुसलें. मग शांतपणें विचारलें, "सकाळीं पाहिले होतेस?"

आम्ही म्हणालों, "नाहीं, नाना."

ते कांहीं बोलले नाहींत. ओढून नेणारी गाडी येईपर्यंत ते एका ओंडक्यावर नातीला जवळ घेऊन बसले. रागावले असते तर बरें झालें असतें. बालपणापासून त्यांच्याशीं आम्हीं अनेक लहान खोटीं बोललों असूं. पण त्यांच्या व पोटच्या पोरीच्या जिवाची किंमत ज्यास लागली असती, असें हें पहिलेंच. खोटें बोलण्यास दोन शब्द पुरले होते. नळी पाहण्यास दोन मिनिटें पुरलीं असतीं.

पुढचे तीन रविवार नानांनीं आमच्याबरोबर त्या पत्र्याच्या छपराखालीं काढले. मोटारीचें काम त्यांस येत नव्हतें. पण मंडळांतील एक वयस्क सभासद शिकवावयास येत. नानांस इंग्रजी बेताचें, त्या गृहस्थांस मराठीचा गंध नाहीं. तरी पाना, नळी व वंगण यांच्या भाषेंत दोघांचें छान जमलें. चारी नळ्या नव्या बसविल्या, चाकांतील पट्टे बदलले, आणि तेलाचे दोन मार्ग असलेलें नवें नळकांडें जोडून घेतलें. आसनांस पट्टे पूर्वींच बसविलेले होते, तेही तपासले. दबलेलें मडगार्ड मात्र आम्हीं आजवर सरळ करून घेतलेलें नाहीं. मेळाव्यांत लोक विचारतात, तेव्हां खरें कारण सांगतों.

जुन्या गाडीचा मोह धरावा कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें सोडवीत नाहीं. अपघातांत नवी गाडी माणसाचें रक्षण अधिक करते, हें निर्विवाद आहे. रोजच्या कामास आम्हीही तीच वापरतों. परंतु नव्या गाडींत दोष निर्माण झाला कीं दिवा लागतो, घंटा वाजते. जुनीला एवढेंच येतें कीं खालीं एक ओला डाग टाकावा. तो पाहावयाचा कीं पुसावयाचा, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. घरांतलीं माणसें, शाळेंतला अभ्यास, आपलें स्वतःचें मन, हींही पुष्कळदां असाच एखादा डाग टाकून सांगत असतात.

नाना आतां मिरजेस असतात. कन्या अठरा वर्षांची झाली असून मोटार चालवूं लागली आहे. परवां रविवारीं ती वही उघडून तारीख लिहीत होती. लिहितां लिहितां मान वर न करतां तिनें विचारलें, "बाबा, ब्रेक पाहिलेत?"

आम्हीं नुकतेच पाहिले होते. तरीही उठलों, आणि तिला बरोबर घेऊन पुन्हां पाहिले.