तलावांच्या नगरीत ऐकलेला प्रश्न

कल्याणला रात्री पंजाब मेल धरली की सकाळी गाडी नर्मदा ओलांडते आणि विंध्याचा घाट चढून भोपाळला पोचते. मोठ्या तलावाच्या काठी उभे राहिले की या नगरीचा इतिहास आपोआप आठवतो. १८१९ ते १९२६ या काळात येथे चार बेगमांनी कारभार पाहिला. त्यांपैकी शाहजहाँ बेगमेच्या कारकिर्दीत केवळ स्त्रियांसाठी लेडी लॅन्सडाउन रुग्णालय उघडले. पडद्यातली बाई पुरुषांच्या दवाखान्याची पायरी चढत नसे. तिला वेगळे दार हवे होते.

दुपारी श्यामला टेकडीवरचे जनजातीय संग्रहालय पाहिले. ते २०१३ साली खुले झाले. गोंड, भिल्ल, बैगा, कोरकू आदी सात जमातींचे जीवन तेथे मोठ्या प्रेमाने मांडले आहे. बाहेर झाडाखाली एक वयस्क गोंड बाई विसावल्या होत्या. बोलता बोलता मोहाच्या फुलांची गोष्ट निघाली. चैत्रात पहाटे फुले वेचायची, वाळवायची, अडीनडीला त्यांवरच पोट भरायचे. आणि सणाला, सोयरिकीला त्यांचीच दारू.

“दारू आम्हांला नवी नाही,” त्या म्हणाल्या. “पण शहरात आलो आणि सणाची दारू रोजची झाली.”

त्यांची धाकटी बहीण तिच्या आहारी गेली होती. एकाएकी दारू तोडली तर झटके येतात, म्हणून डॉक्टरांनी तिला दाखल होण्यास सांगितले. ती दोनदा दारापर्यंत जाऊन परतली. “दोन लेकरे कोणाच्या पदरात टाकू?” एवढेच ती म्हणे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण शेकडा २७.३, तर स्त्रियांचे १.६ आढळले. स्त्रियांची संख्या थोडी, म्हणून त्यांच्यासाठी सोयही थोडी. पुण्याच्या मुक्तांगणाने २००९ साली ‘निशिगंध’ हा स्त्रियांचा स्वतंत्र विभाग काढला, हे मोठेच काम झाले.

हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. अमेरिकेतील चेरोकी या आदिवासी लोकांना १८३८-३९ साली पिढीजात भूमीतून हुसकावण्यात आले. वाटेत हजारो मेले. अलीकडे वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने त्यांची घरे पोखरली. ओक्लाहोमातील चेरोकी राष्ट्राने २०१७ साली औषध-व्यापाऱ्यांवर दावा लावला, आणि २०२१ साली साडेसात कोटी डॉलरांची तडजोड पदरात पाडून ते उपचारगृहे उभारण्याच्या कामी लागले. त्या देशात आई आणि मुले एकत्र राहतील अशीही उपचारगृहे आहेत. आई उपचार घेते, मुले शाळेत जातात, रात्री तिच्याच कुशीत झोपतात. लेकरू जवळ असले की आईला पळून जावेसे वाटत नाही.

निरोप घेताना त्या बाईंनी विचारले, “तुमच्याकडे आहे का असे घर, लेकरांसकट घेणारे?” मी मान खाली घातली.

वाचकहो, घरचा पुरुष पिऊ लागला तर आपण चार माणसे जमवून त्याला केंद्रात नेतो. बाई पिऊ लागली तर दार लावून घेतो. असे घर उभे राहील तेव्हा राहो, पण आपल्या आळीत अशी एखादी माऊली असेल, तर तिला बोल न लावता एवढेच म्हणूया, “बाई, तू जा, बरी होऊन ये. तोवर तुझी लेकरे आमच्या ताटात जेवतील.”